बाकडे, कठडा आणि दरी

महाबळेश्वराहून परतलेल्या कुटुंबाला शेजारपाजारचे हवेबद्दल फारसे विचारत नाहीत. ‘किती पॉइंट झाले?’ असे विचारतात. उत्तरही हिशेबी असते. दोन दिवसांत बारा झाले, आर्थर सीट धुक्याने खाल्ला, केट्सला गर्दी फार होती. टॅक्सीवाल्याने दिलेल्या यादीवर खुणा करत डोंगर उरकण्याची ही रीत इतकी अंगवळणी पडली आहे, की पॉइंट हा डोंगराचाच अवयव वाटू लागतो; जणू सह्याद्री घडला तोच कठड्यासकट घडला. दरी निसर्गाची असते हे खरे, पण पॉइंट माणसाने केलेला असतो. तिथवर कोणीतरी वाट पाडलेली असते. समोरची चार झाडे तोडून सावलीपुरते एक राखलेले असते. चौथरा बांधून कठडा लावलेला असतो, बाकडे टाकलेले असते, कुठे वर छत्री उभारलेली असते, आणि सगळे झाल्यावर त्या जागेला कोणाचे तरी नाव चिकटवलेले असते. हे कोणी केले, कोणासाठी केले आणि बघणाऱ्याने तिथून काय बघावे असे त्यांच्या मनात होते, हा या पुस्तकाचा विषय आहे.

विषय डोंगरांचा आणि सुरुवात जळगावच्या मेहरूण तलावापासून, यावर एखादा सातारकर हसेल. जळगाव हे थंड हवेचे ठिकाण नाही, हे पटवून घ्यायला मे महिन्यात भर दुपारी तिथे उतरण्याचीही गरज नाही. वर्तमानपत्रातला तापमानाचा तक्ता पुरतो. पण उन्हाने भाजलेल्या गावालाच सावलीतल्या बसायच्या जागेची किंमत जास्त कळते. मेहरूणचा तलाव एकेकाळी जळगावची तहान भागवत असे. एकोणिसाव्या शतकातच त्याचे पाणी नळाने गावात आणले गेले. आज लोक तिथे पाणी भरायला जात नाहीत, पाणी बघायला जातात. वरच्या अंगाचा अंबरझरा भरला की मेहरूणला भर पडते, गणपतींचे विसर्जन इथेच होते, हिवाळ्यात पाहुणे पक्षी उतरतात, आणि मेहरूणच्या गोड बोरांनी या शिवाराचे नाव जिल्ह्याबाहेरही पोचवले आहे. सकाळ-संध्याकाळ काठाने चालणाऱ्यांत हौशी असतात तसे डॉक्टरांनी धाडलेलेही असतात. कोणाची साखर वाढलेली, कोणाचा रक्तदाब, कोणाचे गुडघे. वरवर साध्या दिसणाऱ्या या दृश्यात पुढच्या बहुतेक पॉइंटांचे मूळ आहे: आजारी माणूस, त्याला चालायला लावणारा वैद्य, आणि चालून दमल्यावर टेकायला हवी असलेली जागा.

युरोपात या तिन्ही गोष्टी गरम पाण्याच्या झऱ्यांभोवती जुळून आल्या. चेकियातले कार्लोव्ही व्हारी, जर्मन नावाने कार्ल्सबाड, हे त्याचे ठळक उदाहरण. गाव अरुंद दरीत वसलेले, दोन्ही बाजूंना चढती राने, आणि मधोमध सुमारे ७३ अंशांचे पाणी उसळवणारा झरा. अठराव्या शतकात तिथले डॉक्टर डेव्हिड बेखर यांनी रोग्यांना झऱ्यावर येऊनच पाणी प्यायला आणि दोन पेल्यांच्या मधे चालायला लावले. चालायचे तर वाटा हव्यात. उपचाराला येणाऱ्या फिंडलेटरच्या अर्ल या स्कॉटिश उमरावाने पदरचे पैसे घालून रानातून वाटा काढून दिल्या. गावाने १८०४ मध्ये त्याच्या नावाने स्तंभ उभारला. त्याच वर्षी हरणउडीच्या कड्यावर मायरची छत्री उभी राहिली. चौथा कार्ल या राजाने पाठलाग केलेले हरीण या कड्यावरून उडाले, मागचा कुत्रा गरम पाण्यात पडला आणि झऱ्याचा शोध लागला, अशी तिथली आख्यायिका. आपल्याकडच्या निम्म्या तीर्थांच्या कथेत हरणाऐवजी गाय असते, एवढाच फरक. पुढे सम्राट फ्रान्झ जोसेफच्या नावाचा मनोरा झाला, १८८९ मध्ये युवराज्ञी स्टेफनीच्या नावाचा, १९१४ मध्ये डायना मनोरा आणि त्याच्याआधी दोन वर्षे तिथवर चढणारी दोरखंडाची रेल्वे. साम्राज्य कोसळल्यावर सम्राटाचा मनोरा चौथ्या कार्ल राजाचा झाला आणि स्टेफनीचा महाकवी गटेचा. २०२१ मध्ये युनेस्कोने सात देशांतली अकरा झऱ्यांची गावे जागतिक वारसा म्हणून नोंदवली, तेव्हा स्नानगृहांच्या जोडीने भोवतालच्या रानवाटाही त्या वारशात धरल्या गेल्या.

महाराष्ट्रात याची फाळणी झाली. गरम पाणी एकीकडे राहिले आणि चालायच्या वाटा दुसरीकडे गेल्या.

गरम पाण्याची आपल्याला वाण नाही. कोकणात राजापूरजवळचे उन्हाळे, दापोलीकडचे उन्हवरे, मुंबई-गोवा रस्त्यावरचे तुरळ आणि आरवली, तानसा नदीकाठी वज्रेश्वरी, अकलोली, गणेशपुरी. मराठवाड्यात किनवटचे उनकेश्वर. खानदेशाच्या वाट्याला आली ती सातपुड्याच्या पायथ्याची माळ. चोपडा तालुक्यात अडावदच्या उत्तरेला उनपदेव, आणि त्याच परिसरात सुनपदेव आणि नाझरदेव. इथे ज्वालामुखी धुमसतो आहे असे काही नाही. तापीच्या खोऱ्यात सातपुड्याला समांतर जमिनीला खोलवर भेगा आहेत. पावसाचे पाणी त्यांतून फार खाली मुरते, तिथल्या उष्णतेने तापते आणि वाट सापडेल तिथे वर येते. उनपदेवला ते गोमुखातून कुंडात पडते. शरभंग ऋषींच्या व्याधीसाठी रामाने बाण मारून हे पाणी काढले असे सांगतात. त्वचेच्या विकारांवर गुण येतो या श्रद्धेने लोक येतात, पौषात यात्रा भरते, बायाबापड्या कुंडावर आंघोळी करतात, शिदोरी सोडतात आणि उन्हे कलायच्या आत परततात. भोवती सातपुड्याचे रान आहे, चढ आहे, वरून तापीकाठचा केळीचा पट्टा दिसावा अशा सोंडा आहेत. पण कुंडापासून निघून कुठल्या टोकावर जाऊन बसावे, असे तिथे कोणी आखलेले नाही. आंघोळ हे पुण्य, आंघोळीनंतर चालणे हे कशातच नाही.

कारण तीर्थाची नजर आत वळलेली असते. कुंड, गोमुख, गाभारा, सगळे खोलात. यात्रेकरू वाकून बघतो. जुन्या महाबळेश्वरात हे फार स्पष्ट दिसते. कृष्णा, वेण्णा, कोयना, सावित्री आणि गायत्री या पाच नद्यांचे उगम मानले जाणारे पंचगंगेचे देऊळ दरीच्या काठापासून लांब नाही. थोडे चालले तर कृष्णेचे खोरे पायाखाली उलगडते. तरी देवळातल्या भाविकाचे तोंड दगडी गोमुखाकडे. दरी त्याच्या पाठीशी. एकोणिसाव्या शतकात आलेल्या गोऱ्या साहेबाने नेमके उलट केले. त्याने देवळाकडे पाठ केली आणि कड्यावर खुर्ची टाकली.

ही खुर्ची कशी आली याची गोष्ट खानदेशाशीही जोडलेली आहे, आणि ती खानदेशात फारशी सांगितली जात नाही. १८२४ मध्ये साताऱ्याला तैनात असलेला पीटर लॉडविक हा इंग्रज अधिकारी वर चढला आणि इथल्या हवेचे कौतुक त्याने मुंबईच्या वर्तमानपत्रात लिहिले. पण नुसत्या पत्राने गाव वसत नाही. रस्ता करवून घेतला तो साताऱ्याचा रेसिडेंट जॉन ब्रिग्ज याने, छत्रपती प्रतापसिंह महाराजांकडून. हाच ब्रिग्ज त्याआधी, १८१८ पासून, खानदेशाचा पहिला इंग्रज कारभारी होता. आजच्या धुळ्याच्या सरळ रेषेतल्या पेठा त्याच्याच आखणीच्या. धुळ्याच्या फुफाट्यात काही उन्हाळे काढलेल्या माणसाला महाबळेश्वरचा गारवा किती मोलाचा वाटला असेल, हे खानदेशी वाचकाला वेगळे सांगायला नको. पुढे गव्हर्नर सर जॉन माल्कम यांनी १८२९ मध्ये वाईजवळचे खंडाळा गाव देऊन बदल्यात हा मुलूख साताऱ्याकडून घेतला. आजारी गोऱ्या शिपायांसाठी आरोग्यधाम झाले, बाजार वसला, त्याला माल्कमपेठ नाव पडले.

म्हणजे इथे औषध होते ते हवा. मराठीत ‘हवापालट’ हा उपचार या डोंगरांनी रुजवला. डॉक्टर औषधाच्या चिठ्ठीबरोबर महिनाभर पाचगणीला राहायला सांगू लागले आणि ऐपतदार घरे ते ऐकू लागली. क्षयावर नेमके औषध नव्हते त्या काळात डॉ. रुस्तम बिलिमोरिया यांनी पाचगणीला बेल-एअर हे आरोग्यधाम काढले. गांधीजींनाही १९४४ मध्ये आगाखान पॅलेसमधून सुटल्यावर विश्रांतीसाठी पाचगणीलाच नेले. हवा खायची तर ती अंथरुणात पडून खाता येत नाही. रोग्याला रोज थोडे चालवायचे, आणि चालण्याला काही तरी ठिकाण हवे. ‘तिथे टोकापर्यंत जाऊन या’ असे सांगता आले पाहिजे. पॉइंटांचा जन्म असा झाला. सूर्यास्ताचे कौतुक मागाहून आले.

वाटा कोणी पाडल्या? नावे साहेबांची आहेत, हात दुसऱ्यांचे होते. १८३४ ते १८६४ या काळात महाबळेश्वरला चिनी आणि मलायी कैद्यांचा तुरुंग होता. पूर्वेकडच्या इंग्रजी वसाहतींतून जहाजाने आणलेली ही माणसे सह्याद्रीच्या माथ्यावर रस्ते खोदत होती, उरलेल्या वेळात भाजीचे मळे लावत होती आणि वेताच्या टोपल्या विणत होती. मुदत संपल्यावर त्यांतले काही तिथेच राहिले. मूळचे धावड, कोळी, धनगर यांना तर हे जंगल पाठ होते. धावड लोखंड गाळत. त्यांच्या भट्ट्यांना लागणाऱ्या कोळशासाठी झाडे पडतात म्हणून पुढे सरकारनेच तो धंदा थांबवला. देखाव्यासाठी रान राखायचे ठरले की रानात राबणाऱ्याचा धंदा बसतो, ही गोष्ट आजची नाही.

नावांचा इतिहास तर एखाद्या दप्तरासारखा उलगडत जातो. लॉडविक जिथे चढून आला त्या टोकाचे आधीचे इंग्रजी नाव सिडनी, सर सिडनी बेकविथ यांच्यावरून. हे बेकविथ १८३१ मध्ये महाबळेश्वरलाच वारले. लॉडविकचे नाव मागून लागले आणि १८७४ मध्ये त्याच्या मुलाने तिथे स्तंभ उभारला. माउंट ऑलिंपियाचे ड्यूक ऑफ कॉनॉटच्या भेटीनंतर कॉनॉट पीक झाले. सर्वांत उंच सुळका म्हणजे सिंदोळा, सुमारे १,४३९ मीटर. गव्हर्नर लेस्ली विल्सन आल्यावर तो विल्सन पॉइंट झाला. आता तिथे सूर्योदय बघायला तीन मनोरे आहेत आणि बघणाऱ्यांतल्या शंभरात एकालाही सिंदोळा ठाऊक नसावा. केट ही माल्कम साहेबांची मुलगी. तिच्या आधी त्या जागेला नाके खिंड म्हणत. आर्थर सीटचे जुने नाव मढीमहाल. तिथे पहिले घर बांधले ते आर्थर मॅलेट यांनी. सावित्रीच्या पाण्यात त्यांची बायको आणि मूल बुडाले आणि ते इथे बसून खाली नदीकडे बघत राहत, अशी करुण कथा वाटाडे सांगतात. कथा खरी असो वा रचलेली, ती ऐकल्यावर माणूस खालच्या सावित्रीकडे वेगळ्या नजरेने बघतो, आणि पॉइंटाला हेच हवे असते. त्याच कड्यावर दुसरा खेळ चालतो: बाटलीचे झाकण खाली फेकायचे आणि ते वर येताना बघायचे. कोकणातून येणारा वारा उभ्या भिंतीवर आदळतो आणि त्याला वर जाण्यावाचून वाट नसते, म्हणून हलकी वस्तू परत येते. न आलेली झाकणे दरीत साठतात.

माथेरानची घडण थोडी निराळी. ठाण्याचे कलेक्टर ह्यू मॅलेट मे १८५० मध्ये चौकच्या बाजूने वर चढले, वन ट्री हिलच्या अंगाने माथ्यावर पोचले आणि रामबागेच्या वाटेने उतरले. जागा मनात भरली म्हणून त्याच वर्षी पुन्हा आले. हा डोंगर मुंबईला इतका जवळ, की गव्हर्नर लॉर्ड एल्फिन्स्टन यांनी इथे बंगला बांधल्यावर मुंबईचे श्रीमंत, विशेषतः पारशी आणि बोहरा व्यापारी, मागोमाग आले. आदमजी पीरभॉय यांच्या घराण्याने घातलेली दोन फुटी रुळांची गाडी १९०७ मध्ये सुरू झाली. माथेरानचे अधीक्षक डॉ. जे. वाय. स्मिथ यांनी तर १८७१ मध्येच या डोंगरावर, तिथल्या माणसांवर, झाडांवर आणि प्राण्यांवर एक पुस्तक लिहिले. पॅनोरमा, लुईझा, एको, पॉर्क्युपाइन, शार्लट तलावाचा काठ अशी टोकांची ओळच आहे, आणि एका टोकावरून दुसरीकडे जायला तांबड्या मातीची वाट. मोटार नाही. चालायचे, नाही तर घोडा, आणि अलीकडेपर्यंत माणसाने ओढायची रिक्षा. आजारी आणि म्हाताऱ्या माणसांना टोकापर्यंत नेणाऱ्या या रिक्षांच्या मागे खांदे कोणाचे होते, हा प्रश्न दीडशे वर्षे कोणी फारसा विचारला नाही. २०२५ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने हाताने ओढायच्या रिक्षा बंद करण्याचा आदेश दिला. माथेरान इथल्या सगळ्या ठिकाणांत उजवे वाटते ते त्याच्या दऱ्यांमुळे नाही. दऱ्या महाबळेश्वरच्या जास्त खोल आहेत. पण माथेरानला टोक गाठण्याआधी वाट चालावी लागते, आणि झाडीतून अर्धा तास चालून अचानक मोकळे झालेले आकाश हे मोटारीतून उतरून बघितलेल्या आकाशासारखे नसते.

इथे एक तांत्रिक बाब सांगितली पाहिजे, नाही तर युरोपातल्यासारखी लाकडी नक्षीची छत्री आपल्याकडे का दिसत नाही हे कळणार नाही. सह्याद्री थरांचा आहे. कठीण काळा कातळ, त्यावर ठिसूळ थर, पुन्हा कातळ, आणि माथ्यावर जांभ्याची टोपी. ठिसूळ थर झिजतो, कठीण थर पुढे राहतो, आणि नाकासारखे टोक तयार होते. बसायची जागा निसर्गच पुढे काढून देतो, पण तीच कड आतून पोखरलेलीही असते. त्यात महाबळेश्वरचा पाऊस मोठ्या वर्षी सहा हजार मिलिमीटरच्या वर जातो. पूर्वी पावसाळ्याआधी बंगल्यांना गवताची झडप बांधत आणि लोक खाली उतरून जात. अशा ठिकाणी लाकूड कुजते, वाळवी खाते, लोखंड गंजते. म्हणून टिकले ते जांभ्याचे चौथरे, दगडी बाक आणि जाड गजांचे कठडे. जुन्या बांधणीचा साधेपणा हा कोणाच्या अभिरुचीपेक्षा पावसाचा हुकूम होता.

साहेबाने आपल्याला दरी बघायला शिकवले, असे मात्र कोणी समजू नये. बघण्याची जागा बांधणे इथे जुने आहे. हेतू वेगळे होते. पन्हाळ्याची सज्जाकोठी कड्याच्या अगदी काठावर आहे आणि तिच्या खिडक्यांतून जोतिबाच्या डोंगराकडचा प्रदेश दिसतो. संभाजीराजांना पन्हाळ्यावर ठेवले होते तेव्हा त्यांचा मुक्काम इथे होता असे सांगतात. रायगडाचे टकमक टोक, हरिश्चंद्रगडाचा कोकणकडा, राजगडाच्या माच्या ही सगळी टेहळणीची स्थळे. फरक हा की तिथला पहारेकरी देखावा बघत नव्हता, धूळ बघत होता: कुठून फौज येते आहे, किती घोडी आहेत. खानदेशात चाळीसगावजवळ पाटणादेवीच्या वर कण्हेरगडाच्या कड्यात नागार्जुन कोठडी, सीतेची न्हाणी आणि शृंगारचावडी ही लेणी आहेत. खाली भास्कराचार्यांच्या घराण्याशी जोडलेले पाटण. त्यांच्या नातवाने, चांगदेवाने, त्यांचे ग्रंथ शिकवण्यासाठी मठ स्थापल्याचा शिलालेख तिथे सापडला. शृंगारचावडीत बसले की रानाची अख्खी वाटी समोर येते. ज्याने ती कोरली त्याला हे दिसत नसेल असे मानणे कठीण आहे. आणि शेतकऱ्याचे तर वावरातले मचाण आहेच. ज्वारी हुरड्यात आली की चार मेढींवर फळ्या टाकून, गोफण घेऊन त्यावर बसणारा राखण्या दिवसभर क्षितिज बघत असतो. त्याच्या मचाणाला कोणी पॉइंट म्हटले नाही, हा भाग वेगळा.

जळगावहून निघणाऱ्या प्रवाशासाठी सगळ्यांत थोर पॉइंट दक्षिणेला आहे. अजिंठ्याला वाघूर नदी घोड्याच्या नालेसारखी वळते. लेणी एका काठाच्या कड्यात आणि त्यांच्या समोरच्या काठावर उंच पठार. २८ एप्रिल १८१९ रोजी मद्रासच्या फौजेतला जॉन स्मिथ हा अधिकारी शिकारीच्या नादात समोरच्या बाजूला पोचला आणि त्याला झाडीतून दहाव्या लेण्याची कमान दिसली. आत जाऊन त्याने खांबावर आपले नाव आणि तारीख कोरली. आज हे कोणी केले तर गुन्हा दाखल होईल. त्याचे नाव मात्र वाटाडे कौतुकाने दाखवतात. लेणी गावातल्या माणसांना, गुराख्यांना ठाऊक होतीच. बाहेरच्या जगाला ती पहिल्यांदा एका टोकावरून दिसली, एवढे खरे. तिथे आता व्ह्यू पॉइंट आहे, नदी ओलांडून पायऱ्यांनी चढून जाता येते. बहुतेक सहली लेणी उरकून निघून जातात, आणि चूक करतात. लेणी ओळीने का आहेत, नदीला लागून का आहेत, पावसाळ्यात सातकुंडाचा धबधबा कोसळताना भिक्खूंना इथे काय ऐकू येत असेल, हे सगळे समोरच्या काठावरूनच समजते. १८४४ पासून वर्षानुवर्षे लेण्यांतल्या भित्तिचित्रांच्या नकला करणारा मेजर रॉबर्ट गिल याने ते नक्की पाहिले असणार. त्याची बहुतेक चित्रे १८६६ मध्ये लंडनच्या क्रिस्टल पॅलेसमधल्या आगीत जळाली. तो स्वतः १८७९ मध्ये वारला आणि भुसावळला पुरला गेला. जळगावपासून अर्ध्या तासाच्या अंतरावर.

उत्तरेकडे तोरणमाळ. आता नंदुरबार जिल्ह्यात, १९९८ पर्यंत धुळ्यात. अकराशे मीटरहून उंच पठार, सात पायरीचा वळणावळणाचा घाट, यशवंत तलाव, गोरखनाथाचे देऊळ आणि महाशिवरात्रीची मोठी यात्रा. सीताखाईच्या काठावर उभे राहिले की महाबळेश्वरची आठवण यावी अशी खोली. इथे तीर्थही आहे, तळेही आहे, दरीही आहे. ज्या गोष्टींची महाराष्ट्रात ताटातूट झाली त्या इथे एका पठारावर आहेत. साहेबाची वसाहत इथे रुजली नाही म्हणून टोकांना साहेबांची नावे नाहीत, हे एका परीने भाग्यच. भिल्ल आणि पावरा वस्त्यांची स्वतःची नावे आहेत, प्रत्येक नाल्याला, प्रत्येक सोंडेला. पाटीवर ती क्वचित येतात. पाटीवर ‘व्ह्यू पॉइंट’ येते, ‘सेल्फी पॉइंट’ येते, मोठ्या अक्षरांत गावावरचे प्रेम येते आणि शेजारी लाल हृदय.

सध्याच्या बांधकामांबद्दल स्पष्ट बोलायला हवे. गेल्या काही वर्षांत जुनी टोके सुशोभित करण्याची लाट आली आहे. सिमेंटची झाडाची खोडे, फायबरची जनावरे, चकचकीत फरशी, रंगीत दिवे. पावसात निसरडी होणारी फरशी कड्याच्या काठावर बसवणाऱ्याला बक्षीस द्यावे की नोटीस, हा प्रश्नच आहे. महाबळेश्वर-पाचगणी २००१ पासून आणि माथेरान २००३ पासून संवेदनशील क्षेत्र म्हणून जाहीर आहेत, तरी काचेच्या पुलांच्या गप्पा थांबत नाहीत. बघण्याची जागा स्वतःच बघण्याची वस्तू झाली की ती बिघडली. जुन्या छत्रीचे, चौथऱ्याचे काम होते माणसाला पाच मिनिटे उन्हातून सोडवणे आणि मग बाजूला होणे.

उनपदेवला नेमके एवढेच करता येईल, आणि त्याला फार पैसे लागत नाहीत. कुंडापासून निघून सावलीतून चढत जाणारी, गरोदर बाईला किंवा सत्तरीच्या आजोबांना झेपेल अशा उतारावरची एक वाट. वाटेत दोन ठिकाणी दगडी बाक. वरच्या टोकाला चार खांबांवरची कौलारू छत्री, तापीकडे तोंड करून. जवळच यावल अभयारण्य आहे, तेव्हा वनखात्याचे नियम आड येतील, ते यावेतच. पण वाट माणसाच्या रुंदीची ठेवली आणि गाडी खालीच थांबवली तर जंगलाला तिचा त्रास होत नाही, हे माथेरानने सव्वाशेहून अधिक वर्षे दाखवले आहे.

पुस्तक पिशवीत टाकून निघणाऱ्यांसाठी थोडी व्यवहाराची माहिती. अजिंठ्याचे समोरचे टोक पावसाळा संपताना, सप्टेंबरात, सकाळी लवकर चढावे. नंतर ऊन पाठीवर येते. महाबळेश्वरला मे महिना पुस्तकी आहे, ऑक्टोबर-नोव्हेंबरात हवा धुतलेली असते आणि आर्थर सीटवरून कोकण दिसते. माथेरानला टोके मोजू नयेत, दिवसाला एक पुरे. तोरणमाळला पाऊस ओसरल्यावर जावे आणि वाटाड्या स्थानिकच घ्यावा. उनपदेवला पौषात गर्दी असते, पण कुंडावरची जत्रा बघायची तर तेव्हाच जाण्यात अर्थ आहे. साबण आणि प्लास्टिक घरी ठेवावे.

आणि खानदेशातल्या शाळा-महाविद्यालयांना एक विनंती. सातपुड्याच्या आणि अजिंठ्याच्या रांगेतल्या टोकांची, खिंडींची, झऱ्यांची जुनी नावे सांगणारी माणसे पाड्यांवर अजून आहेत. त्यांच्याकडे मुलांना पाठवावे, नावे त्यांच्या उच्चारातच लिहून घ्यावीत, नकाशावर नोंदवावीत आणि ग्रामपंचायतीला द्यावीत. पुढची पाटी लागेल तेव्हा ती यादी तिथे हजर असली पाहिजे.